घोडबंदरचा क्लास की दुबईची नोकरी? पियानो शिकवणाऱ्यांसाठी

एलटीसीएल, म्हणजे लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा डिप्लोमा, हातात आहे, घोडबंदरच्या दोन-तीन कॉम्प्लेक्समधे मिळून वीसेक विद्यार्थी आहेत, आणि दुबईच्या एका म्युझिक इन्स्टिट्यूटचं ऑफर लेटर आलंय. ठाणे-नवी मुंबईत पियानो शिकवणाऱ्या तरुण मंडळींकडून हा पेच मी वरचेवर ऐकते. मी दोन्हीकडे शिकवलंय, सध्या वाशीत शिकवते. माझं मत आधीच सांगून टाकते: एकटे असाल तर जा, पण रीतसर नोकरी धरून आणि परतायचं कधी हे ठरवून. पदरी मुलं आणि संध्याकाळच्या बॅचेस भरलेल्या असतील तर इथंच थांबलेलं बरं.

पैशाचं आधी बोलू, कारण जाणारे त्यासाठीच जातात. दुबईत तासाची फी आपल्या कित्येक पट असते, पण ती इन्स्टिट्यूटच्या खात्यात जमा होते. तुमच्या हाती येतो तो पगार. त्यावर आयकर नाही. दिरहॅम १९९७पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की घरी पाठवलेली रक्कम आपसूक फुगते. मात्र घरभाडं वर्षाचं ठरतं आणि मोजक्या पोस्ट-डेटेड चेकमधे द्यावं लागतं. कुटुंब न्यायचं तर पगार किमान ४,००० दिरहॅम हवा, किंवा ३,००० आणि राहायची सोय. ही झाली व्हिसाची अट. तेवढ्यात मुलांच्या शाळेची फी निघेल अशी आशा धरू नका.

खरा फरक कागदपत्रांत आहे. ठाण्यात पाटी लावली, सोसायटीच्या सेक्रेटरींना सांभाळलं, दुपारी दोन ते चार पियानो बंद ठेवला की क्लास सुरू. दुबईत तुमचं राहणंच मालकाच्या व्हिसावर. व्हिजिट व्हिसावर शिकवणं सरळ बेकायदा. नोकरी सांभाळून बाहेर शिकवण्या करायच्या तरी परवानगी लागते. खासगी शिकवणीसाठी २०२३च्या डिसेंबरात परवाना सुरू झाला, फ्रीलान्स परमिटचाही मार्ग आहे. पण ‘सगळेच करतात’ म्हणत विनापरवाना घरोघर फिरणाऱ्यांच्या नादी लागू नका.

कराराची दोन कलमं चष्मा लावून वाचा. नोकरी सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम करायला मनाई करणारं कलम तिथल्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत घालता येतं. म्हणजे तुम्ही घडवलेले विद्यार्थी तुमच्या मागे येतील, हे विसरा. दुसरं, ग्रॅच्युइटी. वर्ष पूर्ण झालं की, पहिली पाच वर्षं, दर वर्षामागे २१ दिवसांचा पगार मिळतो, पण तो मूळ पगारावर. ऑफर लेटरात मूळ पगार चिमूटभर आणि भत्ते ढीगभर असतील तर हिशोब तिथंच कळतो.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी डोळे झाकून ठाण्याच्या बाजूने. पहिलीत आलेलं पोर नववीपर्यंत टिकतं. मग दहावी येते, जेईईचा क्लास येतो आणि पियानोवर कपडे वाळत पडतात, ते वेगळं. पण तोवर पियानोच्या परीक्षांत ग्रेड पाचपर्यंत मजल गेलेली असते, आणि त्याचं धाकटं भावंडही तुमच्याकडेच येतं. दुबईत मूल ऐन रंगात आलं की वडिलांची बदली होते. जुलै-ऑगस्टात शाळा बंद, निम्मं गाव मायदेशी, क्लास ओस. फ्रीलान्स असाल तर ते दोन महिने कमाई जवळपास नाहीच.

परीक्षा मात्र त्याच. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या संस्था दोन्हीकडे चालतात, ग्रेडही तेच. एबीआरएसएमच्या सहाव्या ग्रेडच्या प्रॅक्टिकलला बसायचं तर बहुतेक मुलं आधी पाचव्या ग्रेडची थिअरी देतात. ट्रिनिटीत तशी अट नाही. त्यामुळे शिकवण्याचा अनुभव कुठेही वाया जात नाही. इथं आधी पालकांची समजूत घालण्यात एक महिना जातो: ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर पियानो शिकता येत नाही, ८८ वेटेड कीज, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्या, हव्यात. आणि गणेशोत्सवात सोसायटीच्या स्टेजवर एक गाणं झालंच पाहिजे, ही अपेक्षा धरूनच चाला. मला ती आवडते, हे हळूच सांगते.

वाद्याची गोष्ट ऐकून माणसं चकतात. वाळवंट म्हणजे कोरडं, तिथं पियानो सुखात असेल, असा समज. पियानोला साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जुलैत हवा ओलीचिंब. साउंडबोर्ड, म्हणजे आवाज घुमवणारी आतली लाकडी फळी, फुगून स्वर चढतो, आतलं लोकरी फेल्ट सुजतं, मधल्या सप्तकातली एखादी पट्टी दाबली की खालीच बसते. म्हणून जुन्या घरांत अपराइटच्या, म्हणजे उभ्या पियानोच्या, खालच्या दाराआड छोटा बल्ब जळत ठेवायची पद्धत आहे. दुबई समुद्रकाठी असल्याने तिथला उन्हाळाही दमटच; वाद्य वाचतं ते एसीमुळे. सुटीला निघताना घरच्यांनी एसी बंद केला, तर सप्टेंबरात झाकण उघडल्यावर आधी बुरशीचा वास येतो.

प्रवास दोन्हीकडे वैताग. घोडबंदरची कोंडी तुम्ही जाणताच. दुबईत रस्ते मोकळे वाटले तरी ४० अंशांपलीकडच्या उन्हात बसथांब्यापासून टॉवरपर्यंत चालणं नको होतं, आणि भारतीय लायसन्स थेट बदलून मिळत नाही; तिथली टेस्ट द्यावी लागते.

मधला मार्गही बघा. दुबई आपल्यामागे दीड तास. म्हणजे इथल्या संध्याकाळच्या बॅचेस उरकून रात्री साडेआठला बसलात, तर तिथं सात वाजलेले असतात, मूल शाळेतून येऊन जेवायच्या आधीचं. व्हॉट्सअ‍ॅप कॉल तिकडे चालत नाहीत, झूम किंवा गूगल मीट घ्या. एक कॅमेरा चेहऱ्यावर, दुसरा वरून हातांवर. नवशिक्या मुलाची बोटं वाकडी पडतात ती पडद्यावर चटकन दिसत नाहीत, म्हणून ग्रेड तीनच्या पुढचेच घ्या. ऑफर नाकारायचीच झाली तर आधी असे चार विद्यार्थी मिळवून बघा. स्वीकारायची असेल, तर सहीपूर्वी ईमेलवर लेखी विचारा: मूळ पगार किती, जुलै-ऑगस्टचा पगार पूर्ण मिळणार का, आणि ते मनाईचं कलम किती महिन्यांचं.