इंजिन पाठीमागे, भांडण पुढ्यात: कॉर्व्हेट सी८ दोन दिवस चालवून

आधीच सांगून टाकतो, गाडी माझी नाही, मित्राची आहे. त्याच्या घराच्या शिफ्टिंगला मी अख्खा रविवार खोकी उचलली, त्याबदल्यात त्याने दोन दिवस किल्ली दिली, त्यामुळे उपकार वगैरे काही नाही, हिशोब चुकता. गाडी म्हणजे शेवरोले कॉर्व्हेट स्टिंगरे, सी८ म्हणजे आठवी पिढी, झेड५१ या परफॉर्मन्स पॅकेजवाली. आता २०२० चं मॉडेल, मग नवी कसली असं कोणी म्हणेल, पण कॉर्व्हेटच्या हिशोबात ही अजून नवी नवरीच आहे. १९५३ पासून सात पिढ्या इंजिन पुढे होतं आणि हिच्यात ते पहिल्यांदा सीटच्या मागे गेलं, त्यावरून अमेरिकेत जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

इथे ओहायोत आम्ही शनिवारी सकाळी कार्स अँड कॉफीला, म्हणजे आपापल्या गाड्या घेऊन कॉफीवर गप्पा मारायला, जमतो, तिथे सी८ आली की दोन मिनिटांत तिच्याभोवती घोळका होतो आणि पाचव्या मिनिटाला वाद. एकाला ती फेरारीची नक्कल वाटते, दुसरा म्हणतो नक्कल तर नक्कल, एवढ्या पैशात कोण देतंय. माझ्या शेजारी एक रिटायर्ड आजोबा राहतात, त्यांच्याकडे सी५ आहे, मॅन्युअल, स्वतःच्या हाताने जपलेली. त्यांचं मत एकदम स्पष्ट. "ही गाडी चांगली असेल, पण हिला कॉर्व्हेट म्हणू नका." मी विचारलं चालवली आहे का तुम्ही, तर म्हणाले गरज नाही. आता यावर काय बोलणार!

मग मुळात इंजिन मागे नेलंच का, कारण निम्मी भांडणं इथेच येऊन अडकतात. मला समजलेलं असं आहे की प्रश्न ताकदीचा नव्हता, टायरचा होता. २०१९ ची सी७ झेडआर१ होती, त्या पिढीतली सगळ्यात ताकदवान, ७५५ हॉर्सपॉवर, इंजिन पुढे, आणि कंपनीचाच आकडा ताशी ० ते ६० मैल २.८५ सेकंद. आणि ही साधी स्टिंगरे, ४९५ हॉर्सपॉवर, झेड५१ सकट २.९ सेकंद. म्हणजे अडीचशेहून जास्त घोडे कमी, तरी वेळ जवळपास तोच. याचं कारण असं की गाडी जोरात सुटते तेव्हा वजन मागे रेलतं, आणि इंजिन आधीच मागे असेल तर मागची चाकं रस्त्याला दाबून धरली जातात, नुसती जागच्या जागी फिरत नाहीत. सी७ चं वजन पुढे-मागे साधारण निम्मं निम्मं होतं, हिच्यात साठ टक्के मागे आहे. पुढे इंजिन ठेवून कितीही घोडे वाढवले तरी ते टायरच्या धुरात जाणार होते, तो रस्ता तिथे संपला होता.

वळणाचा मुद्दा वेगळा. खांद्यावर कावड घेऊन पटकन वळून बघा, दोन्ही टोकांची भांडी आपल्यालाच फिरवायला लागतात, वळलात तरी ती झुलतच राहतात. तीच घागर कमरेवर असेल तर गर्रकन वळता येतं. वजन तेवढंच, फक्त अंगाजवळ. मिड-इंजिन, म्हणजे सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे बसवलेलं इंजिन, ही कमरेवरची घागर.

आणि ही कल्पना काही २०१९ मध्ये कोणाला अचानक सुचलेली नाही. झोरा आर्कस-डंटोव्ह नावाचा माणूस १९५३ ला जनरल मोटर्समध्ये आला आणि पुढे कॉर्व्हेटचा चीफ इंजिनिअर झाला. १९६० मध्ये त्याने सर्व्ह-१ ही मागे इंजिन असलेली प्रायोगिक गाडी करून दाखवली, मग १९६४ ला सर्व्ह-२, पुढे एरोव्हेट, प्रत्येक वेळी वाटायचं की आता येणार आणि प्रत्येक वेळी वरून नकार. तो १९७५ ला रिटायर झाला, १९९६ ला गेला. केंटकीत बोलिंग ग्रीनला कॉर्व्हेटचं म्युझियम आहे (तेच, जिथे २०१४ मध्ये जमीन खचून आठ गाड्या खड्ड्यात गेल्या होत्या), तिथे त्याच्या अस्थी ठेवल्या आहेत, आणि सी८ बनते ती त्याच गावातल्या कारखान्यात. त्यामुळे कोणी म्हणालं की मिड-इंजिन म्हणजे कॉर्व्हेटच्या परंपरेशी गद्दारी, तर मला हसू येतं. परंपरा ज्याने घडवली तोच माणूस जन्मभर हे मागत होता.

बरं, गाडी. पहिली भेट दरवाजाशी. हँडल दिसतच नाही, बाजूला हवा आत घ्यायची जी मोठी खाच आहे तिच्या वरच्या कडेखाली हात घालायचा, तिथे बटण आहे. मी दोनदा चाचपडलो आणि मित्र गॅलरीतून बघत होता, "अरे वर, वर!" ओरडत. आत बसायचं म्हणजे बसायचं नाही, उतरायचं, विहिरीत उतरल्यासारखं. एकदा उतरलात की जागा मस्त, पाय लांब, पुढचं बॉनेट एवढं खाली की रस्ता थेट गुडघ्यापासून सुरू झाल्यासारखा दिसतो. आधीच्या कॉर्व्हेटमध्ये समोर लांबलचक नाक असायचं आणि आपण मागच्या चाकांवर बसलोय असं वाटायचं, हिच्यात आपणच पुढे, गाडी आपल्या मागून येते.

स्टिअरिंग चौकोनी आहे, म्हणजे गोल नाही आणि पूर्ण चौकोनही नाही, टीव्हीच्या जुन्या पडद्यासारखं. दहा मिनिटांत सवय होते. सवय झाली नाही ती बटणांची. ड्रायव्हर आणि शेजारी यांच्या मध्ये एक उंच कठडा आहे आणि त्याच्या माथ्यावर वरपासून खालपर्यंत एसीची, सीट गरम-गार करायची बटणं एका ओळीत, हार्मोनियमच्या पट्ट्या मांडल्यासारखी. बघायला वेगळं वाटतं, पण चालवताना पंखा कमी करायचा तर नजर खाली न्यावीच लागते, अंदाजाने दाबलं की भलतंच काहीतरी होतं. मी पंखा समजून सीट तापवली, जुलैमध्ये! शेजारी बसलेल्याला तर वाटतं की आपल्याला भिंतीपलीकडे बसवलंय, बायको म्हणाली तिकिटाच्या खिडकीशी बसल्यासारखं वाटतंय. २०२६ च्या मॉडेलमध्ये कंपनीने हा कठडा काढूनच टाकला, म्हणजे त्यांनाही पटलं असणार.

गिअरला दांडी नाही. डी आणि आर साठी छोटे खटके ओढायचे, एन आणि पी साठी दाबायचं. इथे मॅन्युअलवाल्यांचं खरं दुखणं, कारण सी८ ला मॅन्युअल मिळतच नाही, कुठल्याच व्हेरिएंटमध्ये. ट्रेमेक कंपनीचा आठ गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, बस. कारण सांगतात ते मला पटतं, गाडीचा सगळा कणखरपणा मधल्या जाड बोगद्यासारख्या कण्यात आहे, इंजिन मागे असल्यावर गिअरची दांडी मागे जोडायला त्या कण्यालाच भोक पाडावं लागलं असतं, आणि मॅन्युअल घेणारे आधीच कमी होत चालले होते. पटतं, पण आवडतं असं नाही. स्टिअरिंगमागचं पॅडल ओढल्यावर गिअर इतक्या झटकन पडतो की मी कधीच एवढ्या लवकर टाकू शकलो नसतो, आणि तिथेच गंमत आहे, माझं काही कामच उरलं नाही. दोन्ही पॅडल एकदम ओढली की क्लच सुटतो, सिग्नलला उभा राहून मी लहान पोरासारखं तेच करत बसलो, गुर्र गुर्र. पण त्याला काही डाव्या पायाची सर येत नाही. ज्यांना मॅन्युअल पाहिजेच आहे त्यांनी लोटस एमिराचा व्ही६ बघावा किंवा वापरलेली पोर्शे केमन शोधावी, सी८ ला शिव्या देत बसू नये.

शनिवारी पहाटे स्टेट रूट ५५५ ला घेऊन गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा झेन्सव्हिलपासून दक्षिणेला जाणारा रस्ता, बाइकवाले त्याला ट्रिपल निकल म्हणतात, नुसते चढउतार आणि वळणं, टेकाडापलीकडे रस्ता डावीकडे जातो की उजवीकडे हे वर पोचल्यावरच कळतं. स्पीड लिमिट ५५ आहे आणि अशा गाडीत ५५ म्हणजे जांभई, पण वळणावर तेवढ्यातही कळतं. मी एका उताराच्या शेवटच्या उजव्या वळणावर ब्रेक थोडा उशिरा सोडला, जुनी सवय, आणि माझ्या मनात होतं की आता नाक बाहेर जाणार, पण नाकाने फक्त वळण घेतलं आणि मागून एक हलका धक्का आला, चल पुढे, असा. घाबरवणारा नाही, समजूतदार. मध्येमध्ये रस्ता उखडलेला होता तिथे सस्पेन्शनने जे गिळलं ते बघून मला आश्चर्य वाटलं. आधीच्या पिढ्यांत आडवी कंपोझिटची पट्टी असायची स्प्रिंग म्हणून, हिच्यात चारही चाकांना कॉइल आहेत.

तक्रार करायचीच तर स्टिअरिंगची करीन. अचूक आहे, वजन बरोबर आहे, पण रस्ता हाताला कमी सांगतं. खडी आली का, ओल आहे का, हे बुडाला आधी कळतं आणि हाताला मागाहून.

आणि आता मला जे खरं बोलायचं होतं ते. इंजिन मागे गेलं म्हणून सगळे बोलतात, पण मागे गेलं ते कोणतं इंजिन हे कोणी बोलत नाही. टर्बो नाही, चार कॅम नाहीत. तोच ६.२ लिटरचा व्ही८, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) ब्लॉकच्या पोटात, तिथून दांड्यांनी वर ढकलून उघडणारे व्हॉल्व्ह, प्रत्येक सिलिंडरला दोनच. शेवरोलेने १९५५ मध्ये जो छोटा व्ही८ काढला त्याच घराण्यातला. युरोपातले लोक याला ट्रॅक्टरचं इंजिन म्हणून हिणवतात, म्हणू देत. डोक्यावर कॅम नाहीत म्हणून ते बुटकं आहे, ड्राय संप (तेल इंजिनखाली न साठवता वेगळ्या टाकीत) असल्यामुळे खाली बसवता आलंय, आणि अर्धाच अ‍ॅक्सिलरेटर दाबला की जो जोर येतो, वाट न बघायला लावता, तो टर्बोत नाही. इटालियन गाड्यांची किंकाळी हिच्यात शोधू नका, ती पाहिजे तर सी८ चीच झेड०६ आहे, ५.५ लिटर, ८६०० आरपीएमपर्यंत ओरडते आणि ६७० घोडे. स्टिंगरे घोगरी आहे. सकाळी सुरू केली की घसा खाकरून उठलेल्या पैलवानासारखी. माझ्यासाठी कॉर्व्हेट म्हणजे हा आवाज आणि हा लगेचचा जोर, तो पुढून येतो का मानेमागून याने मला फरक पडत नाही.

हे मी शेजारच्या आजोबांना सांगायला गेलो आणि गाडी त्यांच्याच ड्राइव्हवेला लावली. त्यांनी मागचं झाकण उघडायला लावलं, काचेखालचं इंजिन बराच वेळ वाकून पाहिलं, आणि विचारलं, "कॅम कुठे आहे?" म्हटलं ब्लॉकमध्येच. "हं." चालवता का विचारलं तर नको म्हणाले, पण आत जाऊन चष्मा घेऊन आले आणि परत बघायला लागले.

रोज वापरायला कशी, हे सगळे विचारतात. माझ्या मते याच किमतीतल्या बऱ्याच सेडानपेक्षा सोपी. हायवेला चार सिलिंडर झोपतात, त्यामुळे गॅलनला २७ मैल हा कागदावरचा हायवेचा आकडा आहे, गावात मात्र १५. मागच्या डिकीत दोन गोल्फ बॅग मावतात, पुढे छोटी केबिन बॅग. पण छप्पर काढलंत तर ते त्याच मागच्या डिकीत जातं, म्हणजे ऊन किंवा गोल्फ, एकच. आणि डिकी इंजिन-एक्झॉस्टच्या शेजारी, आइस्क्रीम आणायला पाठवलं तर पुढे ठेवा, मी शिकलोय. मागचं दिसत नाही म्हणून कॅमेऱ्याचा आरसा आहे, चित्र छान येतं, पण लांबचा रस्ता बघता बघता डोळ्यांना एकदम जवळच्या पडद्यावर यावं लागतं, चाळिशी लागलेल्यांना त्रास होणार.

घ्यायची असेल तर दोन गोष्टी. झेड५१ सोडू नका, मोठे ब्रेक, मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा इलेक्ट्रॉनिक डिफ, पायलट स्पोर्ट ४एस टायर आणि तो एक्झॉस्ट, त्याशिवाय गाडी ऑल-सीझन टायरवर येते आणि मग मिड-इंजिनचे पैसे देऊन अर्धीच मजा. दुसरं, किंमत. सुरुवातीला ५९,९९५ डॉलर होती, नंतर चढत गेली, आणि पहिल्या वर्षी कामगारांचा संप आणि मग कोविड यामुळे गाड्या कमी पडल्या तेव्हा एका डीलरने माझ्या मित्राला छापील किमतीच्या वर जो आकडा सांगितला तो ऐकून तो सरळ उठून आला आणि दोन वर्षं थांबून वापरलेली घेतली. शहाणपणा केला. मीही घेतली तर तशीच घेईन.

आणि हो, फ्रंट लिफ्ट. बटण दाबलं की तीनेक सेकंदांत नाक ४० मिलिमीटर वर, आणि जागा जीपीएसने लक्षात ठेवते, एक हजारपर्यंत. माझा ड्राइव्हवे चढाचा आहे, पहिल्याच संध्याकाळी मी ती जागा सेव्ह केली. सोमवारी किल्ली परत दिली, ते पुसायचं राहिलं. आता तो जेव्हा जेव्हा माझ्या घराशी येईल तेव्हा गाडी आपोआप मान वर करेल. त्याला अजून सांगितलेलं नाही.