नमुना अस्सल, लॉट नकली

शेततळ्यातल्या पाण्याची पातळी मोबाइलवर कळवणाऱ्या पेट्या मी बनवते. आत 'ब्लू पिल' नावाचा छोटा बोर्ड, त्यावर एसटी (एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स) कंपनीची एसटीएम३२एफ१०३सी८ ही प्रोग्रॅम करता येणारी चिप: ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम. पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून आधी २ बोर्ड नमुन्याला घेतले. दोन आठवडे चालवून पाहिले, कुठे खोट नव्हती. मग ४० ची ऑर्डर दिली, पैसे रोख दिले. पावतीवर फक्त 'एआरएम बोर्ड' असं मोघम लिहिलं होतं, चिपची कंपनी किंवा नंबर नाही. तेवढ्यावर मी गप्प बसायला नको होतं.

पहिलाच बोर्ड एसटी-लिंकला, म्हणजे चिपमध्ये प्रोग्रॅम भरायच्या उपकरणाला जोडला तेव्हा ओपनओसीडी या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरने अडवलं. चिप स्वतः कळवते तो ओळख क्रमांक, म्हणजे आयडी, १बीए०१४७७ हवा होता, आला २बीए०१४७७. चिपवर मात्र एसटीचंच नाव, तोच नंबर. पेट्या द्यायची तारीख जवळ आली होती. नेटवर उपाय सापडला: कॉन्फिग फाइलमध्ये आयडीची तपासणीच बंद करा. मी केली. प्रोग्रॅम गेला, दिवा लुकलुकला आणि मी ११ पेट्या शेतांवर बसवून आले.

आठवड्याभरात फोन सुरू झाले. बॅटरी वाचावी म्हणून झोपवलेले बोर्ड पुन्हा उठत नव्हते. तोच कोड नमुन्याच्या दोन्ही बोर्डांवर बिनबोभाट चालत होता. तीन रात्री मी माझ्याच कोडमधली चूक शोधत बसले. एका शेतकऱ्याचं तळं भरून बांधावरून पाणी गेलं, तो दिवस अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "ताई, प्रोग्रॅम जातो ना? मग चिप चांगलीच आहे. पावतीवर एसटी कुठे लिहिलंय?"

दुसऱ्या कंपनीची सुसंगत चिप स्वतःच्या नावाने विकली तर माझी काही तक्रार नाही. तिची डेटाशीट, म्हणजे तांत्रिक माहितीपत्रक, वाचून मी कोड बदलला असता. पण दुसऱ्याचं नाव छापून विकणं ही लबाडीच.

आता पावतीवर पूर्ण पार्ट नंबर लिहून घेते. लॅपटॉप दुकानात नेते आणि नमुन्याचा नाही, तर लॉटमधल्या प्रत्येक बोर्डाचा आयडी वाचते. आयडी जुळला म्हणजे माल अस्सलच, असंही नाही. म्हणून काही बोर्ड झोपवून-उठवून रात्रभर चालवते. तपासणी बंद करायचा तो सल्ला तुम्हालाही नेटवर सापडेल. कृपया ऐकू नका.

अकराही पेट्यांतले बोर्ड मी पदरच्या पैशांनी बदलून दिले. नकली ४० बोर्ड अर्ध्या किमतीत मागायला एक जण आला होता. दिले नाहीत. प्रत्येक चिपवर लाल रंग फासून खोक्यात भरून ठेवले आहेत.