डेंड्रोबियम लिंडलेयी: नागपुरात वर्षभर सांभाळल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो: तीन स्टार. नागपूरचा हिवाळा या ऑर्किडच्या मापाचा आहे, मे महिना अजिबात नाही. मे निभावला की बाकी वर्षभर त्रास फारसा नाही.

जुन्या लेबलांवर अजूनही ‘डेंड्रोबियम अ‍ॅग्रिगेटम’ लिहिलेले असते, झाड तेच. आसामपासून म्यानमार, थायलंड, दक्षिण चीनपर्यंत झाडांच्या खोडांवर वाढणारे. बल्ब (पाणी साठवणारी फुगीर खोडे) बुटके, कंगोरेदार, साधारण ५ ते ८ सेंमी, आणि प्रत्येकावर एकच जाड पान. मार्च-एप्रिलात बल्बाच्या बाजूने लोंबता तुरा निघतो, त्यावर ५ ते १५ सोनेरी पिवळी फुले, मधासारख्या वासाची. तुऱ्यात एक ते तीनच फुले आणि झाड फारच चिमुकले असेल तर ती डेंड्रोबियम जेन्किन्सी ही दुसरी जात समजा. या दोघांची विक्रीत बरेचदा गल्लत होते.

सागाच्या फळीवर बांधलेले झाड सुंदर दिसते, पण एप्रिलनंतर ती फळी तासाभरात कोरडी होते. दिवसातून दोनदा पाणी टाकणारे घरी कोणी नसेल तर ५ इंची उथळ मातीची कुंडी घ्या, बाजूंनाही भोके असलेली. तळाशी विटेचे तुकडे, वर २ सेंमी तुकड्यांचा लाकडी कोळसा. दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून, धुळीचे पाणी ओतून मगच भरायचे. नारळाचा भुसा घालू नका. श्रावणात तो ओलाच राहतो आणि मुळे काळी पडतात. बल्बांचा तळ कोळशाच्या वर राहिला पाहिजे. झाड हलत असेल तर मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने आवळा, कारण हलत्या झाडाची नवी मुळे टोकाला घासून मरतात. एकदा बसले की उगाच उपटू नका. कुंडी बदलली की बहुतेक वेळा त्या वर्षीचा बहर जातो.

आता खरा मुद्दा, हिवाळा. या झाडाला फूल न येण्याचे पहिले कारण म्हणजे नोव्हेंबरनंतरही चालू ठेवलेले पाणी. रात्री १०-१३ अंशांची थंडी, कोरडी हवा आणि भरपूर ऊन मिळाले की कळी धरते, आणि डिसेंबर-जानेवारीत नागपुरात हे तिन्ही फुकट मिळते. शेडनेट काढा, सकाळी दहा-साडेदहापर्यंतचे ऊन मिळू द्या. पाणी दहा-बारा दिवसांतून एकदा, सकाळी, हलका फवारा, बस. बल्ब सुरकुततात, त्याने घाबरायचे कारण नाही. पान मऊ पडून लोंबू लागले तरच फवारा वाढवा. पारा ८ च्या खाली जाणार असेल त्या रात्री कुंडी आत घ्या. तुरा बोटाच्या पेराएवढा लांब झाल्याशिवाय नेहमीचे पाणी सुरू करू नका. घाई केली तर कळीच्या जागी पिल्लू, म्हणजे छोटे नवे रोप, फुटते. पान गळालेले जुने बल्ब कापायचे नाहीत, तेही पुन्हा फुलतात.

फुले साधारण दहा दिवस टिकतात, उकाडा लवकर आला तर त्याहून कमी. तीन स्टारपेक्षा जास्त देता येत नाहीत ते यासाठी.

उन्हाळ्यात पारा ४५ वर आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, तेव्हा गच्चीवर ७५ टक्के सावलीच्या शेडनेटखालीही पान भाजते. नवतप्यात (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) तरी झाड कूलर चालतो त्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीपाशी ठेवा. झोताच्या थेट समोर नको, बाजूला. बोअरच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग आणि कोळशावर क्षार साचतो, म्हणून साठवलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरा आणि महिन्यातून एकदा कुंडी भरपूर पाण्याने धुवा. पानाखाली बारीक जाळे आणि फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी आहे: लिटरमागे ३ मिली नीमतेल, थोडा द्रव साबण, संध्याकाळी, पानाच्या खालूनही.

पावसाळ्यात वाढ जोरात. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश) हे विद्राव्य खत लिटरमागे अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, सप्टेंबरपर्यंत. ऑक्टोबरात दोनदा ०:५२:३४, मग खत बंद. सतत झड लागली तर कुंडी छपराखाली, कोंब कुजतो तो त्यात साचलेल्या पाण्याने. एक गोष्ट नागपूरकरांसाठी मुद्दाम: संत्र्याच्या बागेसाठी आणलेले बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचे बुरशीनाशक घरात असतेच, ते डेंड्रोबियमवर मारू नका. तांबे या झाडांना बाधते, पाने काळवंडतात. बुरशीसाठी मॅन्कोझेब २ ग्रॅम लिटरला पुरते. गोगलगायी रात्री मुळांची हिरवी टोके खातात, त्या टॉर्च घेऊन हाताने वेचणेच बरे.

घेताना किमान सात-आठ बल्बांचा ठोंब बघा. दोन-तीन बल्बांच्या तुकड्याला फुलायला वर्षे लागतात. नर्सरीत वाढवलेलेच घ्या. मुळे सपासप कापलेली आणि झाडाची साल चिकटलेली असेल तर ते बहुधा जंगलातून ओरबाडलेले आहे. आणि खरेदी जूनमध्ये करा, म्हणजे मुळे धरायला अख्खा पावसाळा मिळतो.