जोत्याभोवतीचा उतार आणि चर : एका पावसाळ्यानंतर

लांज्याजवळ डोंगराच्या कुशीत आमचे जांभ्याच्या चिऱ्यांचे घर आहे. परसदारी दरडीपर्यंत जेमतेम बारा फूट जागा असून वर्षानुवर्षे वाहून आलेल्या मातीमुळे तिचा उतार नेमका घराकडेच झाला होता. जांभा सच्छिद्र, त्यामुळे जोत्याशी साचलेले पाणी भिंतीत चढते. मागच्या पावसाळ्यात कपाटामागे ओल साडेतीन फुटांवर पोहोचली, तेव्हा तिथे मी पेन्सिलने रेघ मारून ठेवली.

एप्रिलमध्ये जोत्याला लागून असलेले कर्दळीचे वाफे आईचा विरोध पत्करून काढले, मुरूम ठोकून भिंतीपासून दहा फुटांत सहा इंचांचा उतार दिला, दरडीच्या पायथ्याशी चर खणून त्यात भोकांचा चार इंची पाइप व खडी भरली आणि दरडीवर वाळा लावला.

यांतले सर्वांत स्वस्त काम, म्हणजे दोन गड्यांनी तीन दिवसांत केलेला उतार, पहिल्याच मोठ्या सरीपासून उपयोगी पडला. चराने मात्र मनस्ताप दिला. ठेकेदाराने खडीभोवती जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, गुंडाळलेच नव्हते, त्यामुळे आषाढातल्या सलग पावसात लाल गाळ खडीत शिरून चर तुंबला आणि पाणी वरूनच वाहू लागले. श्रावणातल्या उघडिपीत सगळी खडी उपसून, धुऊन, कापडात गुंडाळून पुन्हा भरावी लागली. तेव्हापासून पाऊस थांबल्यावरही घराच्या खालच्या अंगाला पाइपच्या तोंडातून बराच वेळ पाणी येत राहते आणि ते गढूळ नसते, यावरून चर काम करतो आहे हे कळते.

माझी स्वतःची चूक पन्हळीची. ती न लावल्याने पागोळ्यांनी नव्या मुरुमात भिंतीला समांतर खळग्यांची ओळच पाडली आणि त्यांत पाणी राहू लागले. गणपतीपूर्वी पन्हळ बसवली, खळगे बुजवले आणि वळचणीखाली शहाबादी फरशीचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन घातला. वाळ्याविषयी इतक्यात बोलणे घाईचे ठरेल. त्याची मुळे खोल जायला वेळ लागतो आणि यंदा दरडीची थोडी माती घसरलीच.

दिवाळीच्या साफसफाईत कपाट ओढले, तेव्हा पोपडे जुन्याच जागी होते, पण ओल एका फुटाच्या खाली उतरली होती. दुसरी रेघ तिथे मारली आहे.