सर्व्हर देखभालीची सेवा: इतवारीतील एका पतसंस्थेचा वर्षभराचा अनुभव

नागपूरच्या इतवारीत मुख्य कार्यालय आणि कामठी, उमरेड धरून चार शाखा असलेल्या आमच्या पतसंस्थेचे संगणकाचे काम मी पाहतो. गेल्या वर्षी सर्व्हरच्या देखभालीचा वार्षिक करार आम्ही परसोडीच्या आयटी पार्कमधील एका लहान कंपनीला दिला. बंद पडले की दुरुस्त करणे म्हणजेच देखभाल, असे लहान संस्थांत धरून चालतात आणि आम्हीही तसेच धरून चाललो होतो, म्हणून या सेवेविषयी जरा सविस्तर लिहितो.

आधीच्या कंत्राटदाराने एका शनिवारी रात्री कोणालाही न कळवता पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधील दुरुस्त्या, टाकून सर्व्हर रीबूट केला, म्हणजे बंद करून पुन्हा सुरू केला. सोमवारी शाखा उघडल्या तेव्हा डेटाबेस सुरूच होईना. दैनिक ठेवीचे प्रतिनिधी हातात मशीन घेऊन ताटकळत उभे होते, पासबुके छापणे बंद होते आणि आम्ही मात्र टाकलेले पॅच काढण्यात चार तास घालवले. प्रत्यक्षात दोष पॅचचा नव्हताच. संगणकातील ज्या लॉगिन खात्यावर डेटाबेसची सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, चालते, त्याचा पासवर्ड कित्येक महिन्यांपूर्वी कोणीतरी बदलला होता आणि त्याची नोंद कोठेही नव्हती. सर्व्हिस चालू असेपर्यंत अशा बदलाने काही बिघडत नाही. ती पुन्हा सुरू करताना मात्र तिच्यापाशी असलेला जुना पासवर्ड नाकारला जातो.

ही हकिगत ऐकून नव्या कंपनीने पहिल्या महिन्यात एकही पॅच टाकला नाही. त्यांनी आधी यंत्रे, सर्व्हिसेस आणि खाती यांची यादी केली आणि मग एका रविवारी, काहीही न बदलता, सर्व्हर नुसते ठरलेल्या क्रमाने रीबूट केले: प्रथम डोमेन कंट्रोलर (लॉगिन आणि पासवर्ड तपासणारा सर्व्हर), मग डेटाबेस, शेवटी शाखांचा ॲप्लिकेशन सर्व्हर. जुने दडलेले दोष आणि नव्या पॅचचे दोष एकमेकांत मिसळू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू होता. त्या दिवशी दोन सर्व्हिसेस आपोआप सुरू झाल्या नाहीत आणि त्या तिथल्या तिथे दुरुस्त झाल्या.

त्यानंतर प्रत्येक कामाआधी बदल-विनंतीचा एक पानी अर्ज येऊ लागला. काय बदलायचे, का, कोणत्या सर्व्हरवर, तेवढ्या वेळात कोणती शाखा थांबेल, काम झाल्यावर कोण तपासेल आणि बिघडल्यास मागे कसे यायचे, हे सारे त्यात असते. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो माघारीच्या वेळेचा रकाना. रात्री अकराला सुरू झालेले काम दीडपर्यंत मार्गी लागले नाही, तर आणखी एक उपाय करून पाहायचा नाही, सरळ पूर्वस्थितीला यायचे, हे आधीच लिहिलेले असते. मध्यरात्री थकलेल्या माणसाने तो निर्णय घ्यायचा नसतो.

मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच अमेरिकेतील दुसऱ्या मंगळवारी, म्हणजे आपल्याकडे त्याच दिवशी रात्री उशिरा येतात. ही मंडळी ते आधी चाचणीच्या सर्व्हरवर टाकतात आणि आठवडाभर पाहून मगच मुख्य सर्व्हरला हात लावतात. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले, ते अपडेट टप्प्याटप्प्याने न जाता एकदम सगळीकडे गेल्यामुळे. तेव्हा हा आठवड्याचा उशीर मला मान्य आहे. कामाआधी घेतलेल्या स्नॅपशॉटला, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदीला, ते बॅकअप समजत नाहीत आणि दोन दिवसांत तो काढून टाकतात. खरा बॅकअप दर महिन्याला वेगळ्या यंत्रावर रिस्टोअर करून त्यातील तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकींचा गोषवारा) आमच्या तेरजेशी ताडून दाखवतात.

रेड (RAID) कंट्रोलर, म्हणजे सर्व्हरच्या अनेक डिस्क एकत्र सांभाळणारा भाग, याच्या फर्मवेअरचे (आतल्या सॉफ्टवेअरचे) काम त्यांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, सुचवले होते, कारण त्या दिवशी नागपुरात स्थानिक सुट्टी असते. गरज पडल्यास यंत्रापाशी माणूस पोहोचेल का, असा रकाना अर्जात आहे. काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीत इतवारीतून वाट काढणे अशक्य, असे मी त्यात लिहिले आणि काम पुढच्या रविवारी गेले. त्या रविवारी सर्व्हर परत येईना आणि वीज तोडून तो पुन्हा सुरू करायला इंजिनिअरला तेथे जावेच लागले.

तक्रारीही आहेत. वारंवार होणारी, धोका नसलेली कामे पूर्वमंजूर समजली जातात, हे ठीकच. पण त्याच सदरात त्यांनी एकदा फायरवॉलचा, म्हणजे नेटवर्कवरील ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेचा, नियम बदलला आणि कामठी शाखा भर दुपारी चाळीस मिनिटे तुटली. आणीबाणीत आधी काम आणि मग कागद, हेही मी समजू शकतो, परंतु एका प्रसंगी तो कागद चार दिवसांनी आला. शाखांना जाणारी सूचना सुरुवातीला इंग्रजीत असे. आम्ही आग्रह धरल्यावर ती मराठीत येऊ लागली आणि कर्मचारी ती वाचूही लागले.

खर्च आधीच्या कराराच्या सुमारे दीडपट आहे. संचालक मंडळाने तो मंजूर करून करार वाढवला, मात्र त्यात तीन अटी घातल्या: फायरवॉलचा कोणताही बदल पूर्वमंजूर धरायचा नाही, आणीबाणीच्या कामाची नोंद चोवीस तासांत द्यायची आणि मार्चअखेरच्या पंधरा दिवसांत कोणत्याही सर्व्हरला हात लावायचा नाही. सर्व्हर खोलीतील एसीची मे महिन्याआधीची सफाई यंदापासून त्याच अर्जावर येते, कारण ऐन उन्हाळ्यात तो एसी अर्धा तास बंद राहिला तरी आतले तापमान कसे चढते, ते आम्ही पाहिले आहे.