मिडवेची सहीवाली प्रिंट: सह्या चोख, डेक चुकलेला

चित्र ४ जून १९४२ च्या सकाळचं, प्रशांत महासागरातल्या मिडवेच्या अमेरिका-जपान लढाईतलं. अमेरिकी विमानवाहू नौका एंटरप्राइझची डॉन्टलेस बॉम्बफेकी विमानं जपानी विमानवाहू ‘आकागी’वर ७० अंशांच्या आसपास सूर मारतायत, पंखांमागचे जाळीदार ब्रेक उघडलेले. विमानं तीनच, आणि ते बरोबर आहे. बाकीचा ताफा दुसऱ्या जपानी विमानवाहू ‘कागा’वर तुटून पडला होता. पंखावरच्या अमेरिकी ताऱ्यात लाल ठिपका नाही. जपानी सूर्याशी गल्लत नको म्हणून तो मे महिन्यातच काढला होता. आकागीचा मनोराही डाव्या बाजूला आहे, जिथे भलेभले चित्रकार घसरतात. एवढं करून डेकवर मात्र बॉम्ब लावलेल्या विमानांची गर्दी! हल्ल्याची विमानं तेव्हा बहुतेक खाली हँगरमध्ये होती, वर होती ती मोजकी झीरो लढाऊ विमानं.

आवृत्ती ८५० प्रतींची, ऑफसेटची. दहापट भिंगाखाली रंगांचे ठिपके फुलांसारखे गुंफलेले दिसतात. कोणी हीच प्रत जिक्ले (उच्च दर्जाची इंकजेट प्रिंट) म्हणून विकत असेल तर घेऊ नका. प्रतीवरच्या कमी नंबरासाठी जादा पैसेही मोजू नका. छपाई सगळी एकदमच होते, आकडे मागाहून हाताने पडतात.

सह्या पेन्सिलीच्या आहेत. कागद तिरका धरला की ग्राफाइट चकाकतं, टोकाचा दाबही जाणवतो. छापील सही भिंगाखाली ठिपक्यांत विरघळते. वैमानिकाची सही असेल तर सालं जुळवून बघा: या हल्ल्यातले एंटरप्राइझचे वैमानिक मक्लस्की १९७६ मध्ये वारले, बेस्ट २००१ मध्ये. त्यानंतर छापलेल्या कागदावर त्यांची सही निघाली तर तिथूनच परत फिरा.

प्रिंट नळीतून येते. उलटी गुंडाळून सरळ करू नका, कागदाला मोड पडते. आम्लमुक्त कागदांत ठेवून वर सपाट फळी, दोन दिवस. खरा धोका फ्रेमवाल्याकडे. तो सवयीने प्रिंट हार्डबोर्डला चिकटवतो, नाहीतर माउंटमध्ये (प्रिंटभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत) बसावी म्हणून खालची कड कापतो, आणि सह्या नेमक्या तिथेच असतात. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोनच पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावलेल्या, पुरतात. माउंट आम्लमुक्त आणि इतका जाड हवा की काच कागदाला टेकणार नाही. काच अतिनील किरण अडवणारी. मुंबई-कोकणात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. पावसाळ्यात मागून ओल येते आणि तपकिरी डाग पडतात. फ्रेममागे कोपऱ्यांना रबरी बटणं लावली की हवा खेळते. प्रिंटसोबतचं प्रमाणपत्र फ्रेमच्या पाठीला न डकवता पॉलिएस्टरच्या पाकिटात वेगळं ठेवा.