घरोघरी वर्गीकृत कचरा संकलन सेवा: अठरा महिन्यांच्या वापरानंतरचा सविस्तर अभिप्राय

आमच्या प्रभागात स्थानिक प्रशासनाने घरोघरी जाऊन वर्गीकृत कचरा गोळा करण्याची सेवा सुरू केली, त्याला आता अठरा महिने पूर्ण झाले आहेत. पहिल्या दिवसापासून मी या सेवेचा नियमित वापर करीत आहे, ती सुरू होण्यापूर्वी झालेल्या नागरिक बैठकांना मी उपस्थित होतो आणि रीतसर परवानगी घेऊन वर्गीकरण केंद्रही दोनदा पाहून आलो आहे. त्यामुळे दाराशी मिळणाऱ्या सेवेइतकाच तिच्यामागील नियोजनाचाही विचार या अभिप्रायात केला आहे. माझे मत आधीच सांगतो. संकलन उत्तम आहे आणि प्रक्रिया समाधानकारक आहे. परंतु योजनेच्या मसुद्यात ज्याला पहिले स्थान दिले होते, ते कचरा कमी करण्याचे काम प्रत्यक्षात सुरूच झालेले नाही. याचा दोष कामगारांकडे जात नाही, कारण त्याचे मूळ करारातील एका अटीत आहे.

प्रथम दाराशी मिळणाऱ्या सेवेविषयी. कचरा चार प्रकारांत स्वीकारला जातो: ओला, सुका, सॅनिटरी आणि घरगुती घातक. घंटागाडीची वेळ ठरलेली असते आणि ती बहुतांशी पाळली जाते. सुरुवातीच्या काळात गाडीतील ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या कप्प्यांमधला पत्रा अर्ध्या उंचीचाच होता, त्यामुळे गाडी भरत आली की ओला कचरा त्यावरून पलीकडे पडत असे आणि त्याचे पाणी थेट कागद आणि पुठ्ठ्यांत मुरत असे. लोकांनी घरी मन लावून केलेले वर्गीकरण चार गल्ल्या ओलांडेपर्यंत वाया जात होते. भिजलेल्या आणि अन्नाने माखलेल्या कागदाला पुनर्चक्रणासाठी कोणी घेत नाही, ही गोष्ट ज्यांनी गाडीची रचना ठरवली त्यांना ठाऊक असायला हवी होती. तक्रारी झाल्यावर, सहा महिन्यांनी का होईना, पत्रा पूर्ण उंचीचा करण्यात आला आणि ओल्या कप्प्याखाली पाणी साठवणारी बंद टाकी बसवण्यात आली. कागदावर क्षुल्लक वाटणारा हा बदल या सेवेतील सर्वांत मोलाची सुधारणा आहे, असे मी मानतो.

दुसरी उल्लेखनीय गोष्ट म्हणजे पिवळी चिठ्ठी. चुकीचा कचरा आढळल्यास कामगार ती बादली रिकामी न करता तिच्यावर चिठ्ठी लावतात आणि त्यावरील छापील कारणांपैकी लागू असलेल्या कारणावर खूण करतात. एकदा मुदत संपलेल्या गोळ्यांसह औषधाची पट्टी मी सुक्या कचऱ्यात टाकली होती. त्या दिवशी बादली तशीच राहिली आणि औषधे घातक कचऱ्यात द्यावीत, हे मला चिठ्ठीवरून कळले. माहितीपत्रक घरात महिनोन्‌महिने पडून असले तरी जे लक्षात राहत नाही, ते अशा एका चिठ्ठीने कायमचे लक्षात राहते. दंडाची तरतूद नियमांत आहे, पण आमच्या गल्लीत तिची फारशी गरज पडल्याचे दिसले नाही, आणि याचे श्रेय मी कामगारांच्या संयमाला देतो.

घातक कचऱ्याची व्यवस्था मात्र अपुरी आहे. तो महिन्यातून एकदाच उचलला जातो आणि तो दिवस चुकला की जुने सेल, पारा असलेले दिवे आणि रंगांचे डबे आणखी एक महिना घरात सांभाळावे लागतात. साहजिकच बरेच लोक ते सुक्या कचऱ्यात ढकलून मोकळे होतात. लिथियम-आयन बॅटरी गाडीतील दाबयंत्राखाली चिरडली गेली तर पेट घेऊ शकते, आणि वर्गीकरण केंद्रांना लागणाऱ्या आगींचे हे जगभर ओळखले गेलेले कारण आहे. बॅटऱ्यांसाठी गाडीलाच एक छोटा बंद डबा जोडला, तर ही अडचण बऱ्याच अंशी सुटेल.

या योजनेची मला सर्वाधिक आवडलेली बाजू लोकांना दिसलीच नाही, कारण ती सेवा सुरू होण्यापूर्वीची आहे. नियोजनकर्त्यांनी आपल्या भागातील कचऱ्याची घटक तपासणी करून घेतली. निरनिराळ्या वस्त्यांतून आलेल्या गाड्या ताडपत्रीवर रिकाम्या करायच्या, ढीग नीट मिसळून त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन भाग बाजूला काढून उरलेले पुन्हा मिसळायचे, आणि असे करत सुमारे १०० किलोचा नमुना उरला की तो हाताने निवडून प्रत्येक घटकाचे वजन करायचे, असे हे काम असते. त्यातील एक दिवस मी तेथे उभा होतो. पावसाळ्यात कचऱ्यातील ओलावा वाढून वजन फुगते, म्हणून त्यांनी ही तपासणी कोरड्या आणि पावसाळी अशा दोन्ही ऋतूंत केली. कष्टाचे आणि दुर्गंधीचे हे काम टाळून दुसऱ्या शहराचे आकडे उचलण्याचा मोह अनेक ठिकाणी होतो, पण ते चालत नाही. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार कमी उत्पन्नाच्या देशांत अन्नाचा आणि पालापाचोळ्याचा वाटा निम्म्याहून अधिक असतो, तर उच्च उत्पन्नाच्या देशांत तो ३२ टक्के भरतो. इतका फरक असताना एकाचे कंपोस्ट केंद्र किंवा दुसऱ्याची दहनभट्टी जशीच्या तशी आणून बसवली, तर ती कचऱ्याअभावी किंवा कचऱ्यातील ओलाव्यामुळे बंद पडते. त्याच अहवालात असेही नोंदवले आहे की कमी उत्पन्नाच्या देशांतील नगरपालिका आपल्या अंदाजपत्रकाचा सरासरी २० टक्के भाग घनकचऱ्यावरच खर्च करतात. तेव्हा चुकीच्या यंत्रसामग्रीची किंमत दवाखाने आणि शाळांनाही मोजावी लागते.

वर्गीकरण केंद्रात गेल्यावर पहिली जाणीव होते ती ‘गोळा झाले’ आणि ‘पुनर्चक्रित झाले’ या दोन शब्दांतील अंतराची. सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कामगार उभे असतात आणि पाण्याच्या बाटल्या, जाड प्लास्टिकचे डबे, पुठ्ठा, काच, धातू वेगवेगळ्या पिशव्यांत टाकत असतात. पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला जे खाली पडते, त्याकडे मी बराच वेळ पाहत होतो. त्यात मुख्यतः अनेक थरांच्या चकचकीत पुड्या, मळलेल्या पातळ पिशव्या आणि थर्मोकोलचे तुकडे होते. या वस्तू प्रामाणिकपणे धुऊन, वाळवून दिल्या तरी त्यांचे जवळजवळ काहीच होत नाही. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात छापलेला १ ते ७ पैकीचा आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. ती वस्तू पुनर्चक्रित होईलच, अशी हमी तो देत नाही. हे माहितीपत्रकात स्पष्टपणे लिहायला हवे होते. उलट ॲल्युमिनियमच्या प्रत्येक डब्यासाठी धडपड करणे योग्य आहे, कारण खनिजापासून नवा धातू तयार करण्याच्या तुलनेत पुनर्चक्रणात सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते.

पुनर्चक्रणाच्या बाजारपेठेचा विचार योजनेत त्रोटक आहे. चीनने २०१८ पासून अनेक प्रकारच्या टाकाऊ मालाच्या आयातीवर बंदी घातली आणि उरलेल्या बहुतेक मालासाठी अशुद्धीची मर्यादा ०.५ टक्क्यावर आणली, तेव्हा वर्षानुवर्षे मिश्र कागद आणि प्लास्टिक जहाजांतून पाठवणाऱ्या अनेक शहरांची गोदामे तुंबली आणि काहींना पुनर्चक्रणाचे कार्यक्रमच आखडते घ्यावे लागले. भाव पडल्यावर तोटा कोणी सोसायचा, हे करारात आधीच ठरलेले असले पाहिजे. आमच्या करारात त्याविषयी एक मोघम वाक्य आहे, आणि वादाच्या वेळी असे वाक्य कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

ओल्या कचऱ्यावरील प्रक्रियेला मी चांगले गुण देईन. ढिगांचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस टिकवले तर रोगजंतू आणि तणांचे बी नष्ट होते, म्हणून तेथे रोज तापमान नोंदवले जाते आणि मी मागितल्यावर ती वही दाखवण्यातही आली. पहिल्या वर्षी मिळालेले खत मी घरी चाळले, तेव्हा चाळणीत काचेचे बारीक कण आणि पिशव्यांचे धागे उरले होते; यंदाच्या पोत्यात तसे जवळजवळ काही निघाले नाही. गाडीतील पूर्ण उंचीचा पत्रा आणि पिवळी चिठ्ठी यांचे फळ या पोत्यात दिसते. शिवाय हाच कचरा भरावभूमीत गाडला असता तर हवेअभावी कुजून त्यातून मिथेन निघाला असता, ज्याची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असते.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. योजनेच्या मसुद्याच्या पहिल्याच पानावर प्राधान्यक्रमाची शिडी छापली आहे: आधी कचरा निर्माण होणे टाळा, मग वस्तू पुन्हा वापरा, मग पुनर्चक्रण करा, आणि अगदी शेवटी जाळा किंवा गाडा. ही कल्पना १९७९ मध्ये नेदरलँड्सच्या संसदेत खासदार आद लान्सिंक यांनी मांडली आणि युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशात तिला कायदेशीर रूप मिळाले. आमच्या निविदेत मात्र कंत्राटदाराला उचललेल्या कचऱ्याच्या प्रत्येक टनामागे पैसे मिळतात. म्हणजे एखाद्या कुटुंबाने घरीच खत करायला सुरुवात केली की कंत्राटदाराचे उत्पन्न घटते, आणि गाडीत राडारोडा किंवा पाणी भरले की ते वाढते. ज्या व्यवस्थेत कचरा वाढला तर लाभ आणि घटला तर तोटा होतो, तिच्याकडून कचरा कमी करण्याची अपेक्षा ठेवणे ही नियोजनातील मूलभूत चूक आहे, आणि कितीही फलक लावले किंवा फेऱ्या काढल्या तरी ती भरून निघणार नाही.

ज्या ठिकाणी कचरा खरोखर घटला, तेथे पैशाची आणि सोयीची दिशा आधी बदललेली दिसते. दक्षिण कोरियाने १९९५ पासून देशभर असा नियम केला की उर्वरित कचरा ठरावीक विकतच्या पिशव्यांतूनच टाकायचा आणि पुनर्चक्रणयोग्य वस्तू मात्र विनामूल्य द्यायच्या. त्यामुळे कमी कचरा करणाऱ्याचे पैसे वाचू लागले. पुढे २००५ मध्ये तेथे अन्नाचा कचरा थेट गाडण्यास बंदी आली. स्लोव्हेनियाच्या ल्युब्लियाना शहराने घरोघरी वर्गीकृत संकलन उभे केले आणि मिश्र कचरा उचलण्याच्या फेऱ्या कमी केल्या, म्हणजे वर्गीकरण न करणे गैरसोयीचे झाले. या शहराला २०१६ मध्ये युरोपची हरित राजधानी हा मान मिळाला. आमच्या बैठकीत जपानमधील कामिकात्सु या गावाचे उदाहरण वारंवार दिले गेले. त्या गावाने २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा संकल्प जाहीर केला, तेथे ४० हून अधिक प्रकारांत वर्गीकरण होते आणि सुमारे ८० टक्के कचरा पुनर्चक्रणाला जातो. हे उदाहरण प्रेरक आहेच; परंतु ते जेमतेम दीड हजार वस्तीचे डोंगरी गाव आहे आणि तेथील लोक आपला कचरा स्वतः केंद्रावर नेऊन देतात, हेही त्याच बैठकीत सांगायला हवे होते. शिवाय २०२० पर्यंत पूर्ण शून्य गाठण्याचे त्यांचे उद्दिष्ट साध्य झाले नाही. पुनर्चक्रित होऊच शकत नाहीत अशा वस्तू बाजारातून गावात येतच राहिल्या. लोकांच्या शिस्तीची मर्यादा जेथे येते, तेथून उत्पादकाची जबाबदारी सुरू होते, आणि त्या पट्ट्याच्या टोकाला पडणाऱ्या पुड्यांकडे पाहताना मला हेच वाटत होते.

स्थानिक प्रशासनाच्या हातात उत्पादकांवरचा कायदा नसतो, हे मला मान्य आहे. तरी त्याच्या हातात जे आहे तेही थोडे नाही. कंत्राटदाराला सेवा दिलेल्या घरांच्या संख्येनुसार पैसे देता येतात आणि भरावभूमीवर जाणारा दरडोई कचरा घटल्यास बक्षीस ठेवता येते. प्रशासनाच्या स्वतःच्या कार्यालयांत आणि कार्यक्रमांत एकदा वापरून फेकायच्या वस्तू थांबवता येतात. वापरण्याजोगे फर्निचर, भांडी आणि उपकरणे ठेवण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी वर्गीकरण केंद्राशेजारी एक शेड उभारता येते. तिची जागा मसुद्यातील नकाशात दाखवलेलीही होती, परंतु आज तेथे नादुरुस्त गाड्या उभ्या असतात.

कचरावेचकांविषयी थोडे. सेवा सुरू होण्याआधी हेच लोक प्रशासनाच्या कोणत्याही मोबदल्याविना शहरातील पुनर्चक्रण चालवत होते. योजनेने त्यांना ओळखपत्रे, हातमोजे आणि केंद्रात काम दिले, ही समाधानाची बाब आहे. मात्र निवडलेला माल विकण्याचा हक्क त्यांच्याकडून कंत्राटदाराकडे गेला आहे, आणि त्या बदल्यात मिळणारी मजुरी पूर्वीच्या कमाईइतकी नाही, असे तेथील दोघी-तिघींनी मला सांगितले. हा हक्क त्यांना परत मिळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुण द्यायचे झाल्यास संकलनाला पाचपैकी चार, प्रक्रियेला तीन आणि कचरा कमी करण्याच्या कामाला एक देईन, आणि तो एकही घटक तपासणीसाठी. नव्या कराराचा मसुदा सध्या हरकती आणि सूचनांसाठी खुला असून मोबदल्याच्या कलमात ‘प्रति टन’ हेच शब्द कायम आहेत. मी लेखी हरकत नोंदवली आहे आणि तिच्यासोबत एक साधी मागणी जोडली आहे: भरावभूमीवर गेलेल्या कचऱ्याचे दरडोई वजन दर महिन्याच्या तक्त्यात एका स्वतंत्र रकान्यात प्रसिद्ध करावे. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागणार नाही, कारण भरावभूमीच्या फाटकावरील वजनकाट्याची पावती आजही प्रत्येक गाडीला मिळते आणि त्या पावत्यांचे गठ्ठे तारखेनुसार बांधून कार्यालयाच्या कपाटात ठेवलेले मी स्वतः पाहिले आहेत.